मावशीने फेस जिरवला

माझी धाकटी मावशी उंचीला चार फूट नऊ इंच. ती स्वतः पाच फूट सांगायची, आणि ऐकणाऱ्याने भुवया वर केल्या की म्हणायची, "परखी धरून." परखी ही तिची पोकळ, टोकदार सळई. धान्याच्या ढिगात खुपसायची आणि आतला नमुना बाहेर काढायचा, एवढंच तिचं काम. पण मावशीची परखी मावशीहून लांब होती. ती खांद्यावर टाकून मावशी फाटकाकडे निघाली की लांबून बघणाऱ्याला वाटायचं, सळईच एकटी चालत कामावर येतेय.

फाटक आमच्या गावाबाहेरच्या इंधन कारखान्याचं. तिथे ट्रकच्या ट्रक मका यायचा. तो दळायचा, शिजवायचा, खमीर घालून मोठ्या टाक्यांत आंबवायचा, मग उकळून त्याची वाफ धरायची. शेवटी पाण्यासारखं स्वच्छ आणि नाकाला झोंबणारं जे निघायचं, ते टँकरमध्ये भरून पेट्रोलमध्ये मिसळायला पाठवायचं. म्हणजे रस्त्यावरून जी गाडी भुर्रकन जाते, तिच्या पोटात थोडा मका असतो. मावशीला याचा भारी अभिमान. एखादी गाडी फारच जवळून गेली तर दुसरा माणूस शिवी हासडेल, मावशी म्हणायची, "जा जा, आमचंच खाऊन माजलीस!"

ट्रक थांबला की टायरवर पाय, कडीला हात, आणि दोन उड्यांत बाई मालावर. वय वर्षं चोपन्न. परखी तळापर्यंत खुपसायची, दाणे तळहातावर घ्यायची, त्यातला एक दाढेखाली. कटकन आवाज आला की डोळे मिटून ओलावा सांगायची. "साडेसतरा." मग तोच नमुना माझ्याकडे यायचा, कारण मी तेव्हा कारखान्याच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. माझं यंत्र म्हणायचं सतरा पूर्णांक सहा. पहिले काही दिवस मला वाटलं, मावशी बरोबर आहे की नाही ते बघायला यंत्र ठेवलंय. महिन्याभराने कळलं की यंत्र बरोबर आहे की नाही ते बघायला मावशी ठेवलीय.

एकदा एका ट्रकवाल्याने वर खडखडीत वाळलेला आणि खाली ओला चिंब मका भरून आणला होता.

"वरचा माल पाहुण्यांना आणि खालचा आम्हाला होय?" मावशीने ट्रकवरूनच विचारलं.

"बाई, वाटेत दव पडलं हो," तो म्हणाला.

"तुमच्याकडे दव खालून वर पडतं वाटतं!"

रांगेतले सगळे चालक इतके हसले की बिचाऱ्याने ट्रक वळवला आणि पुढच्या आठवड्यात निमूटपणे सुका माल आणला. वर मावशीसाठी पेरूची पिशवी. मावशीने पेरूही दाढेखाली घेऊनच पास केले.

तिचं लग्न झालेलं नव्हतं. त्यामागे काही करुण कहाणी नाही. तरुणपणी चार स्थळं आली. एक चहा पिता पिता झोपला. एकाने सगळ्या प्रश्नांची उत्तरं आईकडे बघून दिली. तिसरा म्हणाला, लग्नानंतर ट्रकवर चढणं बंद. चौथ्याचं तर तिला आता तोंडही आठवत नव्हतं. माझी आई, म्हणजे तिची थोरली बहीण, कपाळाला हात लावून म्हणायची, "हिने माणसंसुद्धा परखी लावूनच बघितली. कोण उरणार?"

"ताई, ओला माल भरून ठेवला की कोठाराला बुरशी लागते," मावशी म्हणायची, आणि तिथे तो विषय संपायचा.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी मका महागला. बाजारात कुरबूर सुरू झाली. पाववाल्याच्या दुकानात एक म्हातारी मावशीला तोंडावर म्हणाली, "खायचं धान्य गाड्यांच्या घशात घालता, आणि वर मान करून चालता!" मावशी पाव तिथेच विसरून घरी आली. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "त्या आजींचं बोलणं लागलं गं. कारण खोटं नव्हतं."

आणि नेमकं त्याच महिन्यात नव्या मॅनेजरबाई आल्या. त्या भराभर बोलायच्या आणि त्याहून भराभर चालायच्या. त्यांनी शेतकऱ्यांसोबतच्या पहिल्याच बैठकीत टेबलावर एक लांबलचक हिरवं ताट आपटलं. गोड ज्वारीचं ताट. ते उसासारखं रसाळ असतं. माथ्यावरचं कणीस खायला घ्यायचं, खालचं ताट चरकात घालून रस काढायचा, तो आंबवायचा आणि त्याचं इंधन करायचं. पाणी कमी लागतं, चार महिन्यांत पीक हातात, आणि धान्याला धक्काही नाही.

शेतकरी संशयाने बघत होते. कोणीतरी विचारलं, "म्हणजे नक्की कोण खाणार, आम्ही की गाड्या?"

मावशी मागच्या बाकावर होती. तिथून उभी राहिली. म्हणजे राहिली असावी, दिसली कुणाला नाही, पण आवाज आला, "कणीस ताटात आणि ताट टाकीत!"

सभागृहात असा काही हशा उसळला की मॅनेजरबाईंनी तिथल्या तिथे फळ्यावर ते वाक्य लिहून टाकलं. चाळीस शेतकऱ्यांनी त्याच दिवशी बियाणं नेलं.

पण ज्वारीच्या ताटाला परखी लावता येत नाही. मॅनेजरबाईंनी मावशीच्या हातात एक नवी वस्तू दिली, गोडी मोजायची छोटी दुर्बीण. काचेवर रसाचा एक थेंब टाकायचा, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत निळ्या आणि पांढऱ्याची सीमारेषा दिसते, ती ज्या आकड्यावर, तेवढी गोडी. मावशीला ते यंत्र मिळालं आणि तिचं भान सुटलं. शेताशेतांतून ती ताटं कापून, चघळून, थेंब पाडून बघत सुटली. बाराला पीक कच्चं, सोळाला होत आलं, अठराला तोडा. घरी आली की कलिंगड मोजायची, संत्रं मोजायची, आईचं खोकल्याचं औषध मोजायची. "ताई, हे औषध नव्हे, हा पाक आहे. म्हणून तू खोकते आहेस वर्षभर!"

आणि ती कॅंटीनचा चहा मोजायला लागली.

कॅंटीन चालवायचे आमचे आचारी. सहा फूट दोन इंच. कॅंटीनच्या दाराची चौकट त्यांना पाहूनच वाकल्यासारखी वाटायची. पण आवाज एवढा हळू की हातातला डाव त्यांच्यापेक्षा जास्त बोलायचा. दहा वर्षांपूर्वी पत्नी गेली, मुलगी लग्न होऊन दूर देशी. माणूस सकाळी पाचला येई, एकशे वीस जणांचं रांधे, आणि दिवसभरात फार तर वीस शब्द खर्ची घाली.

मावशीने बिनदुधाच्या चहाचा थेंब काचेवर टाकला, खिडकीकडे धरला आणि जाहीर केलं, "आचारी, आज अकरा!"

आचाऱ्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी चहा तेरा. तिसऱ्या दिवशी चौदा. मावशी म्हणाली, "अहो, पिकवताय की काय मला?"

आचारी कढईत बघत पुटपुटले, "अठराला तोडतात ना?"

मावशीने कप खाली ठेवला आणि ती बाहेर गेली. ती माझ्याशेजारून गेली तेव्हा मी पाहिलं, तिचे कान लाल झाले होते. चोपन्नाव्या वर्षी! मी घरी जाऊन आईला सांगितलं, तर आई म्हणाली, "कान लाल? ऊन लागलं असेल." पण रात्री जेवताना तिने तीन वेळा विचारलं, "हे आचारी नक्की कोण गं?"

आता त्या दिवसाकडे येते.

ज्वारी एकदम पिकली. उन्हाचा असा कडाका लागला की चाळीसच्या चाळीस शेतांत आठवड्याभरात दुर्बीण अठरावर गेली. ताट तोडलं की रस फार थांबत नाही, दिवसभर पडून राहिलं तरी गोडी उतरायला लागते. त्यामुळे सकाळी सातपासून फाटकाबाहेर ट्रॅक्टरची रांग लागली, ती पार पुलापर्यंत. चरक घरघरत होता, रस धो धो येत होता, आणि त्याला ठेवायला टाक्या दोनच. प्रत्येक टाकी दोन मजले उंच, बाहेरून वळसा घेत जाणारा लोखंडी जिना.

टाक्यांवर आमचे टाकीमास्तर. काटक, नेटके, गळ्यात शिट्टी. त्यांचा नियम असा की टाकी पाऊण भरायची, वरची पाव जागा फेसाला सोडायची. आणि फेस मारायचं औषध पिंपात तयार हवं. त्या दिवशी औषधाचं पिंप वाटेत कुठेतरी अडकलं होतं आणि शेतकरी गयावया करत होते, "मास्तर, एवढी एक गाडी घ्या, गोडी उतरली तर चार महिने फुकट." मास्तरांचं मन वरून कडक, आतून मेण. घेता घेता त्यांनी टाक्या गळ्यापर्यंत भरल्या. खमीर तर आधीच घातलेलं.

साडेदहा वाजता पहिल्या टाकीने टोपी घातली.

मी प्रयोगशाळेच्या खिडकीतून बघत होते. आधी झाकणाखालून पांढरी कड दिसली. मग टोपीची दाढी झाली. दाढीचा अंगरखा झाला. आणि मग तो अंगरखा पायघोळ होत होत जमिनीवर आला आणि चालायलाच लागला! पाच मिनिटांत दुसऱ्या टाकीनेही तोच वेश केला. सगळ्या आवारात ताज्या पावाचा आणि पिकल्या सफरचंदाचा वास सुटला. फेस घोट्यापर्यंत आला, मग गुडघ्यापर्यंत. दोन कामगार झाडू घेऊन त्याला अडवायला धावले आणि बसल्या बसल्या पार वजनकाट्यापर्यंत घसरत गेले. काट्यावरच्या बाईंनी सवयीने त्यांची पावती काढली.

टाकीमास्तर फेसावर शिट्टी वाजवत होते. जोरजोरात. फेस काही थांबेना.

मॅनेजरबाई फाइल घेऊन तरातरा बाहेर आल्या, त्यांच्या नेहमीच्या वेगाने, आणि पहिल्याच पावलाला त्यांच्या दोन्ही चपला दोन दिशांना गेल्या. बाई फेसात मांडी घालून बसल्या. त्यांनी केसांवरचा फेसाचा गोळा काढला, त्याच्याकडे पाहिलं, आणि खो खो हसायला लागल्या. मग काय, आवारभर हसण्याची साथच पसरली. फेस फाटकाखालून रस्त्यावर गेला. ट्रॅक्टरवाले खाली उतरून एकमेकांना फेसाच्या मिशा लावायला लागले.

तेवढ्यात मास्तर ओरडले, आणि त्या ओरडण्यात हसू नव्हतं. "हसताय काय! वरची वायूची नळी चोंदतेय! नळी बंद झाली तर आंबण्यातून निघणारा वायू कुठे जाईल? झाकण उडेल टाकीचं! आणि खालच्या पंपांच्या खड्ड्यांतून बाहेर या सगळे, तो वायू जड असतो, तळाशी साचतो, माणूस गुदमरतो!"

खड्ड्यांतले लोक वर पळाले. "औषध?" मॅनेजरबाईंनी विचारलं.

"वाटेत."

"किती वेळ?"

"दोन तास. तोवर नाही टिकायची."

मावशी फाटकावरून गुडघाभर फेस तुडवत येत होती. तिच्या बाबतीत गुडघाभर म्हणजे कंबरभर. तिने विचारलं, "मास्तर, डाळ उतू जायला लागली की तुमच्या घरी काय करतात?"

"बाई, ही वेळ आहे का डाळीची?"

"सांगा तर."

"चमचाभर तेल टाकतात," मास्तर म्हणाले, आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. "तेल! अहो, तेल चालेल! पुढे गाळताना त्रास होईल, पण चालेल!"

मावशी तोवर कॅंटीनच्या दारात होती. मी तिच्या मागे धावले.

"आचारी, तेल द्या."

"किती?"

"सगळं."

आचाऱ्यांच्या हातात झारा होता, समोर बटाट्याच्या कापांचं घमेलं. "एकशे वीस माणसं जेवायची आहेत," ते म्हणाले. त्यांच्या हिशेबाने हे भाषणच होतं.

"आज उकडून घाला. टाकी फुटली तर जेवायला कोण उरेल?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग शांतपणे शेगडी विझवली, झारा टांगला, आणि पंधरा-पंधरा किलोंचे दोन डबे दोन हातांत असे उचलले जणू दुधाच्या पिशव्या.

जिन्याशी आल्यावर मात्र ते थबकले. वर बघितलं. तोंडावरचा रंग उतरला. "बाई," ते म्हणाले, "मला उंचीची भीती वाटते. स्टुलावर चढलो तरी पाय लटपटतात."

"मग डबे मला द्या."

"तुमच्याएवढाच डबा आहे."

दोन तरुण कामगारांनी प्रयत्न केला, पण फेसाने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवरून ते डब्यासकट मागे आले. आचाऱ्यांनी एक मोठा श्वास घेतला. "तुम्ही पुढे व्हा," ते मावशीला म्हणाले. "पायऱ्या मोजत जा. मी डोळे मिटून तुमच्या आवाजामागे येतो."

ते दृश्य मी जन्मात विसरणार नाही. पुढे चार फूट नऊ इंचांची मावशी, कठड्याचा फेस कोपराने ढकलत, "एक! दोन! तीन, इथे जरा निसरडं आहे! चार!" आणि मागे सहा फूट दोन इंचांचा माणूस, एका खांद्यावर डबा, दुसरा हात कठड्याला, डोळे घट्ट मिटलेले, तिच्या प्रत्येक आकड्यामागे आकडा म्हणत. दुसरा डबा दोरीने वर ओढायचा ठरलं. खाली आवारात शंभर माणसं. सत्तावीस, अठ्ठावीस... आता खालून सगळेच मोजायला लागले. चौतिसाव्या पायरीला ट्रॅक्टरवाल्यांनी एकच ओरड केली, कारण जिना संपला.

"वाऱ्याकडे पाठ करा!" मास्तर खालून सांगत होते. "तोंडावर वाकू नका! हात लांब करून ओता, सावकाश!"

मावशीने आचाऱ्यांना वाऱ्याकडे पाठ करून उभं केलं, डब्याचं तोंड धरलं, आणि तेलाची बारीक धार फेसात सोडली.

आधी काहीच झालं नाही. मग सोडावॉटरची हजार बुचं एकदम उघडावीत तसा आवाज आला, स्स्स्स, आणि तो पांढरा डोंगर खचायला लागला. त्याला खळगा पडला, खळग्याची विहीर झाली, आणि फेस वळून टाकीत उतरला. नळीने सुस्कारा सोडला. दोरीने दुसरा डबा वर गेला. दोन टाक्यांमधल्या लोखंडी पुलावरून ते दुसऱ्या टाकीकडे गेले, तिथेही तसंच. टाकीमास्तरांनी आनंदाने एक लांब शिट्टी मारली. खाली लोक एकमेकांना मिठ्या मारत होते, निसटत होते, पडत होते, परत मिठ्या मारत होते. मीसुद्धा काट्यावरच्या बाईंबरोबर दोन गिरक्या घेतल्या.

"या आता खाली!" मॅनेजरबाई ओरडल्या.

मावशी निघाली. आचारी निघेनात. ते वरच्या जाळीवर बसले होते, दोन्ही हातांनी कठडा धरून, डोळे अजून मिटलेले.

मावशी परत गेली आणि त्यांच्या शेजारी बसली. ती काहीतरी समजावत होती, ते आम्हाला ऐकू येत नव्हतं. पण आचाऱ्यांचं उत्तर ऐकू आलं. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा आवाज किती आहे ते कळत नाही. दहा वर्षं जो आवाज डावाच्या खाली राहिला होता, तो त्या दिवशी दोन मजल्यांवरून सगळ्या आवारावर गडगडला.

"बाई, माझ्याशी लग्न कराल का?"

आवारात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. अर्थात फेसात पडल्यामुळे नसतीच आली, पण शांतता तशी होती.

मावशी म्हणाली, "तुम्हाला वायू चढलाय!"

"चढला असेल! मग उद्या परत विचारतो, जमिनीवर उभा राहून!"

"उद्याचं उद्या. आधी डोळे उघडा. न बघता विचारलेलं मी धरत नाही."

"उघडले तर खाली दिसेल!"

"खाली कशाला बघता? इकडे बघा ना. मी काय खाली आहे?"

खालून कोणीतरी ओरडलं, "उघडा हो आचारी!" आणि लगेच सगळेच ओरडायला लागले, "उघडा! उघडा!" त्यांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. मावशीच्या केसांवर फेस होता, नाकाला तेल लागलं होतं, आणि ती अशी हसत होती की बस्स.

"आता विचारा," ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा विचारलं. या वेळी आवाज परत हळू झाला होता, त्यामुळे ऐकू आलं नाही. पण मावशीचं "हो!" पुलापर्यंत गेलं, कारण पुलापर्यंतच्या सगळ्या ट्रॅक्टरांनी एकदम भोंगे वाजवले.

उतरायला त्यांना वीस मिनिटं लागली. एकेक पायरी, उलटं. मावशी खालून त्यांचा पाय धरून पायरीवर ठेवत होती. दुपारी एकशे वीस माणसांनी उकडलेले बटाटे मीठ लावून खाल्ले, आणि त्यांना इतकी गोडी होती की मोजलीच नाही कुणी.

मी संध्याकाळी घरी धावत गेले. आईने सगळं ऐकलं, खुर्चीत बसली, उठली, परत बसली. "टाकीवर?" ती म्हणाली. "चार चांगली स्थळं बैठकीत नाकारली आणि टाकीवर हो म्हणाली?" मग मावशी आली.

"माल सुका आहे ना गं?" आईने विचारलं.

"ताई, फेसाने नखशिखांत भिजला होता," मावशी म्हणाली, "तरी आतून ठणठणीत निघाला." आणि आई रडायला लागली, आणि रडता रडता हसायला लागली, आणि मीही तेच केलं.

तिसऱ्या दिवशी रस पुरता आंबला. माझ्या मोजणीत आठ टक्के आले, मास्तर खूश. मग वाफ धरायच्या मनोऱ्यात तेलाचा राप बसला आणि तो खरवडायला त्यांना दोन दिवस लागले. तेव्हा ते तोंडातल्या तोंडात बरंच काही बोलत होते. पण सहाव्या दिवशी नळातून ज्वारीच्या ताटाचं पहिलं इंधन आलं, काचेसारखं. बाटली उजेडाकडे धरून आम्ही सगळ्यांनी तिच्यातून एकेकदा मॅनेजरबाईंकडे पाहिलं. त्या उलट्या दिसत होत्या आणि हात हलवत होत्या. मास्तरांनी टाकीघरात नवी पाटी लावली: पाऊणच्या वर एक थेंब नाही. तिच्याखाली तेलाचे दोन डबे कायमचे.

लग्न नोंदणी कार्यालयात झालं. तिथे जायला कारखान्याची जुनी पेट्रोलची व्हॅन होती. फिटरने तिच्या कार्ब्युरेटरमध्ये फेरफार करून ती नुसत्या ज्वारीच्या इंधनावर चालेल अशी केली होती. इंजिन गार असलं की ती आपोआप पेटायची नाही, आधी चमचाभर पेट्रोल पाजावं लागे. सकाळी आठला फिटरने तिला चमचा पाजला. व्हॅन खोकली, शिंकली, आणि मग गुणगुणायला लागली. आम्ही नऊ जण आत कोंबलो. आचारीकाका पुढे, गुडघे हनुवटीशी. मावशी त्यांच्या मागे, सीटवर दोन उशा घेऊन. कोट आणि साडी दोन्ही नवं, आणि दोघंही अवघडलेले.

सहीच्या वेळी अधिकाऱ्यांनी काकांना विचारलं, "स्वखुशीने?" काका म्हणाले, "हो." अधिकारी म्हणाले, "जरा मोठ्याने बोला." मावशी पटकन म्हणाली, "साहेब, त्यासाठी त्यांना दोन मजले वर न्यावं लागेल." काकांना असं हसू फुटलं की सही आडवी गेली आणि नवा कागद घ्यावा लागला.

परत येताना मोठ्या चौकात सिग्नलला थांबलो. शेजारी एक मोटार येऊन उभी राहिली. तिच्या चालकाने काच खाली केली, नाक वर करून दोनदा हुंगलं, आणि आमच्या व्हॅनकडे वाकून पाहिलं.

"काय हो, बेकरी घेऊन चाललाय का?"

"लग्नाचं वऱ्हाड आहे," फिटर म्हणाला.

"मग वास कसला येतोय?"

"ज्वारीचा!" मागून आम्ही सगळे एका सुरात ओरडलो.

"ज्वारीवर गाडी? मग माणसांनी काय खायचं?"

आणि इथे माझी आई, जी सकाळपासून पदर सावरून अगदी वरमाईसारखी ताठ बसली होती, ती खिडकीतून अर्धी बाहेर आली आणि हात नाचवत ओरडली, "कणीस! कणीस खा! ताट आमचं!"

सिग्नल हिरवा झाला. फिटरने गाडी सोडली. तो माणूस मागे चौकातच उभा राहिला, त्याच्यामागचे भोंगे वाजवत होते आणि तो हसत होता. आई सीटवर परत बसली, तिच्या केसांचा अंबाडा सुटला होता. काकांनी पुढून मान वळवली. आणि लग्नानंतरचं त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य ते आईला म्हणाले, "ताई, सिग्नल अजून तीन आहेत."

"तीनच?" आई म्हणाली, आणि खिडकीची काच पूर्ण खाली केली.